टक्क्यांचे लेबल आणि आपली पुडी

तारुण्यपिटिकांची गणना सुश्रुताचार्यांनी क्षुद्ररोगांत केली आहे. त्यातील ‘क्षुद्र’ शब्दाचा अर्थ आपण व्यवहारात फार सोयीने घेतला, असे म्हणावेसे वाटते. मुरुमांचा रुग्ण आला की एक रक्तशोधक काढा, लोध्र-वेखंडाची एक पुडी आणि ‘तेलकट खाऊ नका’ हा उपदेश, एवढ्यावर त्याची बोळवण होते. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यात व्यवसाय करणाऱ्या वैद्यबंधूंना मात्र हे ठाऊक आहे, की असा रुग्ण आपल्याकडे प्रथम येतच नाही. तो आधी पार्लरमध्ये जातो, मग औषधाच्या दुकानात, मग मोबाइलवर खरेदी करतो; आणि तिन्ही ठिकाणी पैसा व त्वचा दोन्ही खर्ची पडल्यावर आपल्या दारी येतो.

अशा रुग्णास ‘चेहऱ्यास जे जे लावता ते सर्व घेऊन या’ असे सांगावे. बहुधा तीन वस्तू निघतात. एक, नाव-गाव नसलेली क्रीमची डबी. दुसरी, औषधाच्या दुकानातून चिठ्ठीवाचून घेतलेली नळी. तिसरी, ठिबकनळीची लहानशी बाटली. तिच्यावर ‘सॅलिसिलिक ॲसिड २ टक्के’ किंवा ‘नायासिनामाइड १० टक्के’ असे ठळक छापलेले असते. आपल्यापैकी बहुतेकांची प्रतिक्रिया ठरलेली आहे: ‘सगळे केमिकल आहे, टाकून द्या.’ या तिन्ही वस्तू एकाच टोपलीत टाकण्यात आपण मोठा अन्याय करतो, आणि तो रुग्णावर होतो, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

प्रथम डबीविषयी. अकोल्यातील एका कुटुंबातील मायलेकी अशा तिघींना गोरेपणाचे क्रीम वापरल्यानंतर वृक्कविकार जडला. मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध घेतला गेला तेव्हा त्या क्रीममध्ये पारा असल्याचे उघड झाले. २०२३ च्या जानेवारीत हे वृत्त सर्वत्र प्रसिद्ध झाले होते. सौंदर्यप्रसाधनांच्या २०२० च्या नियमांनुसार डोळ्यांभोवतीची प्रसाधने सोडली, तर इतर प्रसाधनांत नकळत आलेला पारासुद्धा दशलक्ष भागांत एका भागाहून अधिक चालत नाही. ज्यांनी रसशास्त्रात रसपुष्प आणि रसकर्पूर अभ्यासले आहेत, पारदाच्या शोधनासाठी ग्रंथांनी किती पाने खर्चिली हे ज्यांना माहीत आहे, त्यांना अशोधित पारा रोज मुखावर चोळण्याचा परिणाम वेगळा सांगावयास नको. तरीही ‘डबी कोठून घेतली?’ हा प्रश्न आपण किती वेळा विचारतो? आपल्या भागात नकली मालाचा विषय निघाला की उल्हासनगरच्या ‘मेड इन यूएसए’चा विनोद हटकून होतो. तो विनोद या कष्टाळू शहरावर अन्याय करणारा आहे. बिननावाची डबी बदलापुरातही मिळते, दादरलाही मिळते.

आता नळी. तिच्यात बहुधा स्टेरॉइड असते. एकटे, किंवा हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन यांच्या जोडीने. पहिल्या आठवड्यात चेहरा उजळतो, पुळ्या बसतात, मैत्रिणी विचारू लागतात. दोन-तीन महिन्यांत त्वचा पातळ व लाल होते, सूक्ष्म केशवाहिन्या दिसू लागतात, मुलींच्या गालांवर लव वाढते. आणि लावणे थांबविताच एकसारख्या आकाराच्या पुळ्यांचा असा उद्रेक होतो, की रुग्ण घाबरून पुन्हा त्याच नळीकडे वळतो. मार्च २०१८ मध्ये केंद्र शासनाने १४ बाह्योपयोगी स्टेरॉइडे अनुसूची ‘एच’मध्ये स्पष्टपणे आणली, म्हणजे चिठ्ठीविना ती देता येत नाहीत. आपल्या त्रैमासिकाचे वाचक असलेल्या औषधविक्रेत्या बंधूंना हा नियम माहीत आहेच. प्रश्न सायंकाळी सातच्या गर्दीत, ओळखीचे गिऱ्हाईक नाव घेऊन नळी मागते तेव्हाचा आहे. त्या वेळी ‘चिठ्ठी आणा’ म्हणणाऱ्या दुकानदाराचे गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाते, ही अडचण खरी आहे. ती एका दुकानदाराने सुटणार नाही. एका रस्त्यावरच्या सर्वांनी मिळून ठरविले तर सुटेल.

येथे एक कडू गोष्टही बोलून टाकावी. ‘शुद्ध आयुर्वेदिक’ असे छापलेले, पण तीन दिवसांत मुरुमे नाहीशी करणारे क्रीम कोणी आणले, तर त्यात स्टेरॉइड मिसळले असल्याचा संशय आपणच सर्वप्रथम घ्यावयास हवा. आपल्या कोणत्याही लेपाची तशी गती नाही.

तिसऱ्या बाटलीविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण गैरसमज तेथेच अधिक आहे. मोजक्या द्रव्यांची, टक्केवारी छापलेली आणि सामान्यांच्या आवाक्यातील प्रसाधने ही गेल्या काही वर्षांतील घडामोड. कॅनडातील ‘द ऑर्डिनरी’ने २०१६ च्या सुमारास ही रीत रूढ केली; आपल्याकडे २०२० मध्ये जयपूरच्या ‘मिनिमलिस्ट’ने ती उचलली, आणि जानेवारी २०२५ मध्ये हिंदुस्तान युनिलिव्हरने त्या कंपनीचा सुमारे ९०.५ टक्के हिस्सा घेण्याचा करार जाहीर केला. ज्या कंपनीने दशकानुदशके गोरेपणाचे क्रीम विकले तिला टक्केवारीची बाटली विकत घ्यावीशी वाटली, यावरून गिऱ्हाईक कोणत्या दिशेने चालले आहे ते उमजावे. अशी बाटली पाच-सहाशे रुपयांच्या घरात येते. ‘स्वस्त’ हा शब्द मी जपूनच वापरतो. बदलापूरहून मुंबईस जाणाऱ्या मुलीच्या दुसऱ्या वर्गाच्या मासिक पासाहून ती महाग आहे. पण तीन पार्लरभेटींच्या मानाने स्वस्तच.

हे सारे आपल्या शास्त्राला परके आहे काय? सुश्रुतसंहितेतील क्षारपाकविधी स्मरावा. एकाच क्षाराचे मृदु, मध्यम आणि तीक्ष्ण असे भेद केले आहेत. कोणत्या व्याधीस व कोणत्या बलाच्या रुग्णास कोणता, याचा विवेक सांगितला आहे. सम्यक्, हीन आणि अतिदग्ध यांची लक्षणे वेगळी दिली आहेत. अतियोग झाल्यास अम्लद्रव्याने शमन करावे, हेही सांगितले आहे. २ टक्के, ५ टक्के, १० टक्के ही भाषा याहून निराळी नाही. द्रव्य तेच, मात्रा आणि बल यांनुसार ते औषध किंवा दाहक ठरते. ज्या परंपरेने क्षारसूत्रासारखे साधन जगाला दिले, तिच्या वैद्याने ‘ॲसिड’ या शब्दाने दचकावे, हे शोभत नाही.

गुणकर्माच्या दृष्टीने पाहिले तर सॅलिसिलिक ॲसिड हे स्नेहात विरघळणारे आहे; म्हणून ते त्वक्स्नेहाने भरलेल्या रोमकूपात शिरते व तेथील साचलेला मल सैल करते. हे लेखन कर्म होय. कफ, वात आणि रक्त या तिघांच्या दुष्टीने होणाऱ्या, शाल्मलीच्या काट्यासारख्या दिसणाऱ्या पिटिकांत, विशेषतः काळ्या-पांढऱ्या बारीक डोक्यांच्या अवस्थेत, ते उपयोगी पडते. नायासिनामाइड हे ब३ जीवनसत्त्वाचे रूप. ते तीक्ष्ण नाही, त्वचेचा बाह्य स्तर बळकट करते, तेलकटपणा काहीसा उतरविते आणि मागे राहणारे डाग फिके होण्यास साहाय्य करते. बेन्झॉइल पेरॉक्साइड हे जंतुघ्न, २.५ टक्क्यांचे जेल १० टक्क्यांच्या जेलइतकेच काम करते आणि दाह कमी करते, हे आधुनिक शास्त्रात जुने झालेले ज्ञान आहे, तरी तीव्र तेच चांगले असे मानणारे रुग्ण पुष्कळ. (उशीचा अभ्रा व टॉवेल यांचा रंग त्याने उडतो, हे आधी सांगावे, अन्यथा घरची मंडळी वैद्यालाच बोल लावतात.) ॲडापालीन व ट्रेटिनॉइन ही मात्र औषधेच आहेत, गर्भिणीस वर्ज्य आहेत, ती त्वचारोगतज्ज्ञाकडे सोपवावीत.

आता दोषही सांगितले पाहिजेत, नाहीतर हा लेख जाहिरात ठरेल. पहिला दोष बाटलीचा नाही, वापरणाऱ्याचा आहे. सोमवारी सॅलिसिलिक, मंगळवारी ग्लायकॉलिक, बुधवारी रेटिनॉल, वर आईच्या आग्रहाने हळद-बेसन आणि लिंबू. पंधरा दिवसांत चेहरा सोलून निघतो आणि रुग्ण म्हणतो, ‘मला काहीच मानवत नाही.’ वस्तुतः हा सरळ अतियोग आणि मिथ्यायोग आहे, आणि त्याचे निदान करण्यास आपल्याइतका पात्र दुसरा कोणी नसावा. अशा वेळी पहिली चिकित्सा म्हणजे सर्व थांबविणे: सौम्य धावन, साधा सुगंधविरहित मलम, उन्हापासून रक्षण, तीन ते चार आठवडे. मग एकच द्रव्य. प्रथम जबड्याच्या कडेला थोड्या जागी, मग एकाआड एक रात्री, आणि आठ ते बारा आठवडे धीर. ज्या रात्री ॲसिड, त्या दिवशी लेप नाही. जलौकावचारण झाले असेल तर व्रण पूर्ण भरेपर्यंत काहीच नाही. शार्ङ्गधराने रात्री लेप लावू नये व वाळलेला लेप तसाच ठेवू नये असे सांगितले आहे. वाळून ताठ झालेले उटणे खरवडून काढणाऱ्या मुलींना हे आवर्जून ऐकवावे. खोबरेल तेल मुरुमांच्या चेहऱ्यावर रात्रभर ठेवण्याचा सल्लाही आता आपण थांबवावा. ते रोमकूप कोंडते.

दुसरा दोष अधिक मोठा, आणि तेथे बाटलीचे सामर्थ्य संपते. बाटली हेतू विचारीत नाही. अंबरनाथच्या यंत्रशाळांत कटिंग ऑइल अंगावर उडत असलेल्या कामगाराच्या बाहूंवर व मांड्यांवर येणाऱ्या पुळ्या सीरमने जात नाहीत. कपडे बदलणे व तेल धुणे, हीच तेथे चिकित्सा. व्यायामशाळेत जाणारा तरुण पाठीवरच्या मुरुमांसाठी साबण बदलत राहतो, पण सकाळ-संध्याकाळ घेतला जाणारा व्हे प्रथिनांचा डबा कोणी विचारला नाही तर तो सांगत नाही. जिची पाळी दोन-दोन महिने येत नाही, हनुवटीवर राठ केस येत आहेत, तिच्या जबड्यावरील पिटिका हे बीजकोशाच्या विकाराचे दार असू शकते. कपाळावर चपचपीत तेल, रात्रपाळी, गोड व मैद्याचे खाणे, लोकलच्या गर्दीत दिवसभर मुरलेला घाम यांचा विचार करणारा वैद्यच लागतो. सुश्रुतांनी यौवनपिटिकांत वमनास विशेष स्थान दिले, ते कफाचे मूळ पाहूनच. खोल, दुखणाऱ्या गाठी आणि खड्डे पाडणारा प्रकार असेल तर मात्र काढ्यात वा सीरममध्ये महिने घालवू नयेत. त्वचारोगतज्ज्ञाकडे वेळेत पाठवावे. एकदा पडलेला खड्डा कोणत्याही पॅथीने पूर्ववत होत नाही.

मग आपले काय? येथे मला आपल्या व्यवसायाविषयी बोलणे भाग आहे. त्या मुलीने पाचशे रुपये देऊन घेतलेल्या बाटलीवर द्रव्याचे नाव आहे, प्रमाण आहे, निर्मितीची व समाप्तीची तारीख आहे, तक्रारीसाठी पत्ता आहे. आपण दिलेल्या पुडीवर काय असते? पुष्कळदा वर्तमानपत्राचा तुकडा. आपल्याच रुग्णांसाठी औषध बनविणाऱ्या वैद्यास कायद्याने परवान्यातून सूट दिली, ती विश्वासापोटी. परवानाधारक उत्पादकास घटकांची खरी यादी वेष्टनावर छापावी लागते. आपल्याला विचारणारा कोणी नाही, म्हणून आपण लिहीत नाही. नव्या पिढीचा रुग्ण लेबल वाचतो. तो ‘यात काय आहे?’ असे विचारतो तेव्हा काही ज्येष्ठांना तो उद्धटपणा वाटतो. मला तसे वाटत नाही. बिननावाच्या डबीपासून त्याला वाचविणारी सवय हीच आहे, आणि ती आपणच मोडू नये. जो वैद्य ‘विश्वास ठेवा, विचारू नका’ म्हणतो, तो रुग्णाला पार्लरच्या डबीवरही असाच विश्वास ठेवण्यास शिकवितो.

काही व्यवसायबंधू म्हणतील की कुळपरंपरेचा योग उघड केला तर धंदा बसेल. लोध्र, धने आणि वेखंड हा तारुण्यपिटिकांवरील लेप शार्ङ्गधरात कोणीही वाचू शकतो, तरी शतकानुशतके वैद्यांचे दवाखाने चालत आलेच. रुग्ण योगासाठी येत नाही. आपल्या प्रकृतीस काय व किती, हे कळावे म्हणून येतो.

यासाठी दोन सूचना करतो. औषधविक्रेत्या बंधूंनी टक्केवारी छापलेली, निर्मात्याचे नाव असलेली मोजकी प्रसाधने एका वेगळ्या फळीवर ठेवावीत आणि बिननावाचे काहीही त्या फळीवर येऊ देऊ नये. स्टेरॉइडयुक्त नळ्या गिऱ्हाइकाच्या नजरेसमोर मांडूच नयेत. वैद्यबंधूंनी पुढील तिमाहीपासून प्रत्येक लेपचूर्णाच्या पुडीवर पाच गोष्टी लिहाव्यात: द्रव्यांची नावे, प्रत्येकाचे प्रमाण, बनविल्याची तारीख, कशात कालवून किती वेळ ठेवावे, आणि दाह झाल्यास कोणाला कळवावे. चूर्ण वस्त्रगाळ केलेले असावे, हेही ओघाने आले. भरड लोध्राने पिटिका फुटतात आणि दोष लोध्राला लागतो. चिकटपट्टीची अशी लेबले छापून देणारे मुद्रक उल्हासनगरात कमी नाहीत. शंभर लेबलांचा खर्च एका रुग्णाच्या तपासणी शुल्काहून फार होईल असे वाटत नाही, आणि तारीख तेवढी हाताने लिहिली तरी चालेल.