जॉनीची मालिका का बंद पडली?



मागच्या आठवड्यात मधल्या सुट्टीत चौथीच्या वर्गातून एकच हशा ऐकू आला. दारात जाऊन बघतो तर काय! एक गडी फळ्यासमोर उभा. डावा हात कमरेवर, कुणाचा तरी उसना चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि म्हणतोय, "कोण बोलायलंय रे? मला सगळं ऐकू यायलंय!"

माझीच नक्कल! मी दिसताच वर्ग चिडीचूप. गड्याच्या हातातला खडू खाली पडला. "सर, मारता का आता?"

मारलं नाही. खरं सांगू, हसू आवरत नव्हतं. म्हटलं, "पुन्हा कर. पण माझा उजवा हात कमरेवर असतो, डावा नाही."

मग त्या दिवशी भूगोल राहिला बाजूला आणि मी जॉनी लिव्हरची गोष्ट सांगितली. तुमच्या आईबाबांना विचारा, ते लगेच ओळखतील. शाहरुख खानच्या १९९३ च्या 'बाजीगर'मधला तो विसराळू बाबूलाल! त्याचं खरं नाव जॉन प्रकाश राव जनुमला. जन्म १९५७ चा, आंध्रातला. घरची भाषा तेलुगू, आपल्या देगलूर-धर्माबादकडच्या कितीतरी घरांत कानावर पडते तीच. वाढला मात्र मुंबईत, धारावीकडच्या वस्तीत. घरात पैशांची ओढाताण, म्हणून सातवीनंतर शाळा सुटली. पोरगं रस्त्यावर पेन विकू लागलं. पेन तर सगळेच विकतात, मग आपला कोण घेणार? म्हणून हा सिनेमातल्या नटांचे आवाज काढून, नाचून पेन विकायचा.

पुढे वडील होते त्याच हिंदुस्थान लिव्हरच्या कारखान्यात तो मजूर म्हणून लागला. एका कार्यक्रमात त्यानं चक्क साहेबांच्याच नकला केल्या. साहेबही हसले, आणि कामगारांनी त्याचं नाव पाडलं जॉनी लिव्हर. कारखान्याचं नाव माणसाला चिकटलं ते कायमचं! १९८१ मध्ये त्यानं नोकरी सोडली आणि स्टेज धरलं. एकटा माणूस, एक माईक, समोर हजारो लोक.

याच जॉनीची २०१७ च्या नोव्हेंबरात सब टीव्हीवर एक विनोदी मालिका सुरू झाली, 'पार्टनर्स ट्रबल हो गई डबल'. पोलिसांची गंमत. जॉनी त्यात कमिशनर गोगोल चॅटर्जी. सोबत किकू शारदा, विपुल रॉय. आणि २०१८ मध्येच ती बंदही पडली.

"एवढा मोठा माणूस, तरी बंद पडली? कावून?" आपल्या नकलाकारानंच विचारलं.

ऐका. स्टेजवरचा विनोदवीर वीस मिनिटांचा आयटम वर्षानुवर्षे घासतो. आज नांदेडला केला, उद्या लातूरला. लोक नवे, आयटम तोच. लोक हसले तिथं थांबायचं, नाही हसले ते वाक्य काढून टाकायचं. असं करत करत आयटम पक्का होतो. टीव्हीवर तसं नाही. एक विनोद एका संध्याकाळी सगळ्या देशानं ऐकला की तो संपला. उद्या नवा पाहिजे, परवा आणखी नवा. वर्षांची कमाई टीव्ही आठ दिवसांत खाऊन टाकतो, आपल्या दारची म्हैस कडबा खाते तशी!

दुसरी अडचण मला जास्त मोठी वाटते. स्टेजवर जॉनी वीस मिनिटांत पन्नास माणसं होतो. हा नट, तो नेता, ती म्हातारी. मालिकेत त्याला महिनोनमहिने एकच माणूस व्हावं लागतं. गोगोल तो गोगोलच. म्हणजे ज्या कामात तो सगळ्यात तरबेज, तेच काम बाजूला ठेवायचं. समोर लोकही नाहीत, दिवे आणि कॅमेरे. हसण्याचा आवाज तर मागाहून घालता येतो.

शिवाय देशातल्या काही निवडक घरांत मीटर बसवलेले असतात. तिथल्या आकड्यांवर वाहिनी हिशेब करते. आकडा कमी तर मालिका बंद. अमेरिकेत जेरी साइनफेल्ड नावाचा असाच स्टेजवरचा विनोदवीर. त्याच्या मालिकेचा पहिला हंगाम फक्त पाच भागांचा होता. तरी तिला वेळ मिळाला आणि ती १९८९ पासून १९९८ पर्यंत चालली. आठवड्याला एकच भाग आणि विनोदवीरानं विनोदवीराचंच काम केलेलं, हेही विसरू नका.

असो. गोष्ट इथं संपली असती, पण दुसऱ्या दिवशी पोराचे वडील शाळेत आले. मोंढ्यात हमाली करतात. "सर, ह्याच्या नकला सोडवा. कालपासून म्हणायलाय, जॉनी सातवीत शाळा सोडून मोठा झाला, मीबी सोडतो."

घ्या! मी सांगितलं एक, पोरानं उचललं भलतंच. चूक माझीच, ती जागा मी घाईत सांगून गेलो होतो. पोराला बोलावून म्हटलं, "जॉनीनं शाळा सोडली नाही रे, ती सुटली. घरात पैसे नव्हते. तुझे बाबा पाठीवर पोती वाहतात ते कशासाठी?" पोरगा खाली बघत राहिला.

आणखी एक विषय काढायचा होता. वर्गात एक मुलगी बोलताना अडखळते. तिची नक्कल यानं केली आणि ती दोन दिवस शाळेत आली नाही. विचारलं, "साहेबांची नक्कल केली तेव्हा साहेब हसले. ती हसली का?"

"नाही सर."

"मग त्या आयटमचं काय करायचं?"

"काढून टाकायचं."

त्यानं तिची माफी मागितली, आपण होऊन. वडिलांना मी म्हटलं, "भाऊ, नकला राहू द्या, शाळेकडं मी बघतो." ते म्हणाले, "बघा बाप्पा."

आता २६ जानेवारीच्या कार्यक्रमात त्याला पाच मिनिटं दिलीत. वहीच्या मागच्या पानावर रोज काहीतरी लिहायलाय, खोडायलाय. काल वही दाखवायला आला. "सर, तीन मिनिटांचं झालंय. दोन मिनिटं कमी पडायलीत. हेडसरांची करू का?"

म्हटलं, "आधी त्यांना विचारून ये."

अजून ऑफिसच्या दारातच घुटमळायलाय.

तुमचे सर
हदगाव, जि. नांदेड