दारी आलेली धोंडी

मृग कोरडा गेला की आपल्या बुलढाणा, चिखली, मेहकरकडे गल्लीतून पोरांचा घोळका निघतो. अंगाला कडुनिंबाचा पाला आणि खांद्यावरच्या मुसळाला बांधलेला एक बेडूक. आपण घागरभर पाणी ओततो, पसाभर धान्य देतो. रीत जुनी आहे. ती मोडा असे मी म्हणणार नाही. पण भगिनींनो, त्या बेडकाकडे कधी नीट पाहिलेत का?

पोरांना सापडला तर मोठाच हवा असतो, इंग्रजीत ज्याला बुलफ्रॉग म्हणतात तो. उन्हाळाभर हा मातीत दडून राहतो. पावसाबरोबर बाहेर येतो तेव्हा नर हळदीसारखा पिवळा होतो, गळ्याशी दोन निळे फुगे फुगवून ओरडतो. (नवरदेवाचाच थाट म्हणा ना!) मादी अंडी घालते साचलेल्या उथळ पाण्यात. म्हणजे ऐन विणीच्या तोंडावर आपण त्याला मुसळाला टांगतो. बेडूक पाणी तोंडाने पीत नाही, कातडीने शोषतो. उन्हात तासभर फिरवला की तो वाळतो.

या जातीवर एकदा मोठे संकट येऊन गेले. फ्रान्स-अमेरिकेतल्या खवय्यांसाठी इथून दरवर्षी हजारो टन बेडकांचे पाय गोठवून जात. बेडूक घटले, शेतातली कीड वाढली, अशी ओरड झाली. १९८५ मध्ये आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधने आली आणि १९८७ मध्ये आपल्या सरकारने निर्यातच बंद केली. आता पाय कोणी नेत नाही, राहायची जागाच जाते. डबकी बुजवून प्लॉट पडतात, नाल्याला सिमेंट लागते, कपाशी-सोयाबीनवरचे औषध वाहून पाण्यात उतरते.

ते आपल्या हातात नाही, पण मोरी आहे. मोरीत बेडूक दिसला की मीठ टाकायची सवय पुष्कळ घरांत आहे. ती सोडा. मिठाने त्याच्या अंगातले पाणी ओढले जाते, तडफडून मरतो बिचारा. ओल्या हाताने किंवा सुपलीत घेऊन परसात ठेवा. फिनेलचे पाणीही त्याच्यावर ओतू नये.

आणि धोंडी आली तर धान्य मुठीने जास्त घाला, पण पोरांना म्हणा, "बाळांनो, बेडूक इथेच सोडा." सासूबाई म्हणतील, मग पाऊस कसा येईल? त्यांना सांगा, पाणी पोरांच्या अंगावर ओतलेच आहे. सुटलेला बेडूक विहिरीत मात्र टाकू नका, उभ्या कडेने त्याला वर येता येत नाही. सावलीत, ओल्या मातीवर ठेवा.