शिबिराला जाताय?

बालमित्रांनो, एकट्यानं सूर्यनमस्कार घालायचे म्हटलं की चौथ्या दिवशी कंटाळा येतो, हो ना? दहाजणांत मात्र बारा नमस्कार कधी झाले ते कळतही नाही! ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी तासभर अंगमेहनत करावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यासाठी सुट्टीतलं व्यायाम शिबिर छानच. पण फी भरण्याआधी आईबाबांबरोबर एक दिवस नुसतं बघून या. आधी अंग मोकळं करून घेतात का? पाणी प्यायला थांबतात का? मल्लखांबाखाली गादी आहे ना? आणि मुख्य म्हणजे, मागे पडलेल्या मुलाशी सर कसे वागतात? त्याला हसत असतील, तर सरळ परत फिरा. त्याच्यासोबत एक फेरी पळत असतील, तर तिथेच नाव नोंदवा!