निरोप पोचला का?

नवं यंत्र घरात आलं की पहिले चार दिवस त्याचं कौतुक होतं. पाचव्या दिवसापासून ते भांड्याकुंड्यांतलंच एक होऊन बसतं. पहिला मिक्सर आला तेव्हा शेजारपाजारच्या बायका त्यात वाटलेली चटणी बघायला येत असत. आज तो बिघडला तरच त्याची आठवण होते. मोबाइलचंही तेच झालं आहे. एवढं शिकलेलं यंत्र आपण दुधाच्या हिशेबाला आणि लग्नाचे फोटो बघायला वापरतो.

हौशी माणसानं अशा वेळी यंत्राला एखादा अवघड प्रश्न घालावा. या खेपेला मी मोबाइलला घातलेला प्रश्न असा होता: १४ जानेवारी १७६१ या दिवशी पानिपतवर आकाश कसं होतं?

चेष्टा नाही, वाचकहो. 'स्टेलेरियम' नावाचा आकाशदर्शनाचा एक प्रोग्रॅम आहे. कॉम्प्युटरवर तो फुकट मिळतो, मोबाइलवरही चालतो. त्याला गावाचं नाव आणि तारीख सांगितली की त्या दिवसाचा सूर्य, चंद्र आणि तारे तो पडद्यावर मांडून दाखवतो. तारीख उद्याची असो की अडीचशे वर्षांपूर्वीची, त्याला सारखीच. गाव मी निवडलं काला अंब.

चार मुठींवरचा सूर्य

दिल्लीहून ग्रँड ट्रंक रोडनं सुमारे ९० किलोमीटर गेलं की पानिपत लागतं. आज ते सतरंज्या, चादरी आणि घोंगड्यांचं गाव आहे. शहरापासून सात-आठ किलोमीटरवर काला अंब. तिथं विटांचा स्तंभ आहे, भोवती कुंपण आणि बाग आहे. इथल्या आंब्याच्या झाडाखाली इतकं रक्त सांडलं की झाड काळवंडलं, अशी आख्यायिका आहे. झाड कधीच गेलं. त्याच्या लाकडाचे कोरीव दरवाजे पानिपतच्या संग्रहालयात ठेवले आहेत. दर १४ जानेवारीला महाराष्ट्रातून माणसं इथं येतात, माती कपाळाला लावतात.

तर पडद्यावर तारीख फिरवली. दिवस बुधवार, पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२. सूर्योदय ते सूर्यास्त जेमतेम साडेदहा तास. भर दुपारी बारा वाजताही सूर्य क्षितिजापासून फक्त ३९ अंश वर. हात लांब करून मूठ धरली तर ती साधारण दहा अंश झाकते, म्हणजे चार मुठींएवढी उंची. मराठे पानिपत सोडून दक्षिणेकडे, दिल्लीच्या दिशेनं निघाले होते. दुपारनंतर ऊन डोळ्यांवर आलं, असं आपण शाळेत शिकलो. पडदा बघितला की ते पटतं. हिवाळ्यातला इतका खाली आलेला सूर्य दक्षिणेकडे चालणाऱ्या माणसाला तोंडासमोरच भेटणार. त्यात पोटात अन्न नाही.

संध्याकाळ झाली तेव्हा अर्ध्याहून थोडा मोठा चंद्र डोक्याकडे आलेला होता. तो मावळला मध्यरात्र उलटून तासाभरानं. म्हणजे जीव वाचवून पळणाऱ्यांना निम्मी रात्र चांदणं होतं. पळणाऱ्याला वाट दाखवणारं चांदणं पाठलाग करणाऱ्यालाही वाट दाखवतंच.

आणखी एक गंमत हाती लागली. पानिपतमुळे आपल्या मनात 'संक्रांत कोसळणं' हा शब्दप्रयोग पक्का बसला आहे. पण गणित मांडलं तर १७६१ साली संक्रांत १० जानेवारीच्या आसपास येते, लढाईच्या चार दिवस आधी! याचं कारण पृथ्वीच्या आसाची भोवऱ्यासारखी संथ गिरकी. आपली संक्रांत ताऱ्यांवरून ठरते आणि इंग्रजी कॅलेंडर ऋतूंवरून. त्यामुळे दर सत्तर-बहात्तर वर्षांनी संक्रांत एकेक दिवस पुढे सरकते. पडताळा हवा असेल तर स्वामी विवेकानंदांचा जन्म आठवा. तो संक्रांतीचा, आणि तारीख होती १२ जानेवारी १८६३. आता ती १४ किंवा १५ तारखेला येते. तिळगूळ तोच, तारीख मात्र सरकणारी.

कुठे आहोत हे कळलं

काला अंबला स्वतः जाऊन उभं राहिलं की मोबाइलला गावाचं नाव सांगावंच लागत नाही. तो आपणहून निळा ठिपका दाखवतो. ही करामत वरच्या उपग्रहांची. अमेरिकेच्या जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटरवरून फिरतात आणि अखंड एकच गोष्ट सांगत असतात: मी अमुक ठिकाणी आहे, माझ्या घड्याळात इतके वाजलेत. तो निरोप प्रकाशाच्या वेगानं येतो, तरी त्याला सेकंदाचा पंधरावा भाग तरी लागतो. निरोपाला लागलेल्या वेळावरून मोबाइल उपग्रहाचं अंतर काढतो. असे चार उपग्रह मिळाले की जागा पक्की.

म्हणजे आपण ज्याला नकाशाचं यंत्र समजतो ते मुळात घड्याळाचं यंत्र आहे. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तर ठिपका ३०० मीटर सरकतो. आइनस्टाइननं सांगितल्याप्रमाणे वरची घड्याळं आणि खालची घड्याळं एका चालीनं चालत नाहीत. रोज एका सेकंदाच्या दहा लाखांश भागांपैकी ३८ भागांचा फरक पडतो. तो दुरुस्त केला नाही तर एका दिवसात दहा-अकरा किलोमीटरचा घोटाळा होईल. काला अंबला निघालेला माणूस पानिपतच्या पलीकडे जाऊन चौकशी करत बसेल.

परक्याच्या घड्याळावर किती भरवसा ठेवायचा, हा प्रश्न आपल्यालाही पडला होता. १९९९ च्या कारगिल युद्धात त्याची टोचणी लागली. त्यातून आपली 'नाविक' यंत्रणा उभी राहिली. तिचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ ला गेला. पुढे काही उपग्रहांतली परदेशी अणुघड्याळं बंद पडली. २९ मे २०२३ ला गेलेल्या नव्या पिढीच्या उपग्रहात देशात बनवलेलं रुबिडियम घड्याळ बसवलं होतं. त्याचा पुढचा भाऊ जानेवारी २०२५ मध्ये उडाला खरा, पण ठरलेल्या कक्षेत पोचू शकला नाही. काम चालू आहे.

घरी कळवायचं कसं?

आपण कुठे आहोत हे आपल्याला कळलं. ते घरच्यांना कसं कळायचं? काला अंबला उभं राहिलं की खरा प्रश्न हाच पडतो.

पानिपत म्हटलं की आपण तोफांविषयी बोलतो. इब्राहिमखान गारद्याच्या तोफा, अब्दालीच्या उंटांवरच्या जंबूरका. पण त्या मोहिमेत आणखी एक यंत्रणा होती, जासूद आणि कासीद यांची. पत्रं पोचवणारी ही माणसं पायी किंवा सांडणीवरून मजल दरमजल धावत. २५ ऑक्टोबर १७६० ला अब्दाली बागपतजवळ यमुना उतरला आणि मराठे व दिल्ली यांच्या मधोमध येऊन बसला. त्यासरशी रसद तुटली, आणि रसदेच्या जोडीला टपालही तुटलं. नोव्हेंबर ते जानेवारी हे फौजेचे सर्वांत वाईट दिवस. नेमके तेच दिवस पुण्याला नीट कळले नाहीत.

नानासाहेब पेशवे फौज घेऊन उत्तरेकडे येत होते. जानेवारीच्या अखेरच्या आठवड्यात भेलशाच्या, म्हणजे आजच्या विदिशाच्या, मुक्कामात एका सावकाराचं पत्र त्यांच्या हाती पडलं. त्यात मोती गळाल्याचा, मोहरा हरवल्याचा आणि खुर्दा मोजण्यापलीकडे गेल्याचा सांकेतिक मजकूर होता. मोती म्हणजे विश्वासराव आणि भाऊसाहेब, मोहरा म्हणजे सरदार, आणि खुर्दा म्हणजे बाकीची माणसं. पानिपत ते विदिशा हे अंतर सरळ रेषेत सुमारे ६५० किलोमीटर. लढाई होऊन गेल्यावर जवळजवळ दहा दिवस बाप आपल्या मुलाला मदत करायला म्हणून पुढे चालत होता. त्याच वर्षी २३ जूनला पुण्यात पर्वतीवर नानासाहेब वारले.

आता शहाण्णव वर्षं पुढे या. ११ मे १८५७ ला मेरठचे शिपाई दिल्लीत शिरले. त्या दिवशी दिल्लीच्या तारघरातून अंबाल्याला तारेनं खबर गेली. दिल्ली आणि अंबाला यांच्या मध्ये पानिपत. ज्या मुलखातून बातमी बाहेर पडायला दिवसच्या दिवस लागले होते, त्याच मुलखावरून ती काही मिनिटांत गेली. तार इंग्रजांच्या हातात होती, तिचा फायदाही त्यांनाच झाला. त्या तारबाबूंच्या नावानं १९०२ साली उभारलेला स्तंभ दिल्लीत काश्मिरी गेटजवळ आजही आहे. यंत्र वेगवान असणं ही अर्धीच गोष्ट. ते कुणाच्या हातात आहे, ही उरलेली अर्धी.

पुढे तार आपल्या घरात आली, पण ती कधी आनंदाची वाटलीच नाही. दारात तारवाला दिसला की पाकीट फोडण्याआधीच आजीच्या डोळ्यांत पाणी. जुलै २०१३ मध्ये आपल्याकडची तारसेवा बंद झाली. आज काला अंबहून पुण्याला घरी फोन लावला तर पहिल्या तीन घंट्यांतच पलीकडून 'जेवलास का?' असं विचारलं जातं.

बातमी खरी कशावरून?

पण निरोप पोचला म्हणजे सगळं झालं असं नाही. तो खरा असावा लागतो.

भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाई मोहिमेत बरोबर होत्या. त्या सुखरूप परत आल्या. नवऱ्याच्या मृत्यूची बातमी त्यांनी मानली नाही आणि शेवटपर्यंत, म्हणजे वीसबावीस वर्षं, सौभाग्यलेणं उतरवलं नाही असं सांगतात. आपल्याला आज यात दुःख दिसतं, पण त्यांच्या बाजूनं विचार करा. त्यांच्याजवळ होतं काय? ऐकलेल्या गोष्टी. कुणी म्हणे पडले, कुणी म्हणे निघून गेले. खात्री द्यायला काहीच नव्हतं.

या पोकळीतच तोतया उभा राहिला. मीच भाऊ, असं म्हणत तो आला, पकडला गेला, रत्नागिरीच्या कैदेतून सुटला. कोकणात त्याला माणसं मिळाली, किल्ले मिळाले. अखेर १७७६ साली पुण्यात त्याला देहदंड झाला. लोक बावळट होते म्हणून त्याच्यामागे गेले नाहीत. आपलं माणूस परत यावं असं ज्यांना मनापासून वाटत होतं, त्यांना तोतयावर विश्वास ठेवणं सोपं गेलं.

आजचा तोतया फोनवरून येतो. 'आई, मी अडचणीत आहे, लगेच पैसे पाठव' असा निरोप येतो. आता तर कॉम्प्युटर मुलाच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करतो. आईला आवाज ओळखीचा वाटतो, आणि ती घाबरलेलीही असते. या दोन गोष्टींवरच त्याचा धंदा चालतो. 'विश्वास तर पानिपतात गेला' असं आपण थट्टेनं म्हणतो. फोनच्या बाबतीत ते थोडं मनावर घ्यायला हरकत नाही.

उपाय फार मोठा नाही. पैसे मागणारा फोन आला तर तो ठेवून द्यावा आणि आपल्या वहीतल्या नंबरवर मुलाला स्वतः फोन लावावा. दुसरं म्हणजे त्या सावकारासारखा घरातल्या घरात एक सांकेतिक शब्द ठरवून ठेवावा. आजोळच्या म्हशीचं नाव चालेल किंवा लहानपणीचं एखादं चिडवायचं नाव. तो फोनमध्ये कुठे लिहून ठेवू नये, बाहेर सांगू नये. जेवायला सगळे एकत्र बसतील तेव्हा एकदा ठरवलं की झालं. आजीलाही विचारा. सर्वांत चांगला शब्द तीच सुचवेल.

आणि प्रवासाला निघालेल्यांनो, पोचल्यावर एक शब्द पाठवत जा. 'पोचलो'. एवढ्या एका शब्दासाठी भेलशाच्या वाटेवर फौज घेऊन चाललेल्या बापानं काय दिलं नसतं? पेशवाईतल्या पत्रांत मायना झाला की एक ठरीव वाक्य असायचं: येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहीत जाणे. पुढचा मजकूर राज्यकारभाराचा असो की कर्जाचा, आधी ते वाक्य. आपल्या मोबाइलमध्ये आकाश मावतं, उपग्रह मावतात. मग हे वाक्यही मावेल.