खानेसुमारी व तिचे तोतये

आमच्या उंद्रीस अलीकडे एका शेतकऱ्याच्या घरीं मोबाईल वाजला. बोलणारा मोठ्या अदबीनें बोलत होता. “जनगणनेच्या कचेरींतून बोलतों. आपल्या कुटुंबाची नोंद अपुरी राहिली आहे. ती आज पुरी न झाल्यास रेशन बंद होईल. आतां आपणांस एक सहा आंकडी ओटीपी येईल, तेवढा सांगावा.” घरधनी सत्तरी उलटलेले व सरकारचें नांव निघालें कीं उठून उभे राहणारे. ते आंकडे वाचूं लागले, तोंच सूनबाईनें हातांतून मोबाईल काढून घेतला, म्हणून सोयाबीनचे पैसे बँकेंत शिल्लक राहिले.

येथवर ठीक झालें. परंतु त्याच रात्रीं त्या घरानें ठरविलें कीं, यापुढें खानेसुमारीच्या नांवानें कोणीहि येवो, दार उघडावयाचें नाहीं. आमच्या मतें पहिल्या संकटाहून हें दुसरें लहान नाहीं. भामट्यानें नेलेली रक्कम एका घराची जाते. मोजणींतून सुटलेलें घर मात्र पुढील मोजणीपर्यंत सरकारच्या हिशेबीं नसल्यासारखेंच राहतें.

वऱ्हाडास खानेसुमारी नवी नाहीं. हिंदुस्थानची पहिली गणना १८७२ सालीं धरतात. वऱ्हाडांत तत्पूर्वींच, १८६७ सालीं, माणसें मोजलीं गेलीं होतीं. १८९१ सालीं वऱ्हाडची लोकसंख्या २८,९७,४९१ होती; १९०१ सालीं ती २७,५४,०१६ भरली. दहा वर्षांत वाढ होणें बाजूसच राहिलें, उलट सुमारें एक लक्ष त्रेचाळीस हजार माणसें कमी झालीं! मध्यंतरीं १८९६-९७ व १८९९-१९०० चे दोन दुष्काळ येऊन गेले होते. त्या दुष्काळांनीं काय केलें हें आज आपणांस सांगणारें कोणी हयात नाहीं. तो आंकडा सांगतो.

आतांची गोष्ट घ्या. २०२१ ची गणना करोनाच्या सांथीमुळें राहिली. त्यामुळें २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याखालीं किती लोकांस धान्य द्यावयाचें, हें २०११ च्या आंकड्यांवरच चालत आलें. त्या सालीं बुलढाणा जिल्ह्यांत २५,८६,२५८ माणसें होतीं. त्यानंतर जन्मलेलीं मुलें आज शाळेंत आहेत. पण त्या हिशेबांत त्यांचें एकहि डोकें नाहीं. म्हणून १६ जून २०२५ रोजीं अधिसूचना निघालेली ही नवी खानेसुमारी चुकवूं नये. तिचे टप्पे दोन : २०२६ सालीं घरयादी, आणि फेब्रुवारी २०२७ मध्यें प्रत्यक्ष शिरगणती. १९३१ नंतर प्रथमच या खेपेस सर्वांची जात विचारली जावयाची आहे.

आम्हीं महसूल खात्यांत कारकुनी केली. २०११ सालीं खानेसुमारीचीं बाडें आमच्या नजरेखालून गेलीं. घरांत सहा माणसें असतां चार सांगणारे लोक आम्हीं पाहिले आहेत. कारण विचारावें तर कोणास शिधापत्रिका तुटण्याची धास्ती, कोणास जमिनीच्या वांटणीची. ही धास्ती व्यर्थ आहे. १९४८ च्या जनगणना कायद्यान्वयें या नोंदी गुप्त असतात; त्या कोणास पाहावयास मिळत नाहींत व दिवाणी दाव्यांत पुरावा म्हणून चालत नाहींत. उभ्या नोकरींत एकाहि फेरफारास खानेसुमारीचा कागद जोडलेला आम्हीं पाहिला नाहीं. माहिती फोडणाऱ्या प्रगणकासहि त्याच कायद्यांत शिक्षा आहे. उत्तर देण्याचें नाकारणाऱ्यास एक हजार रुपयांपर्यंत दंड आहे, तेव्हां दार लावून बसणें हा कायदेशीर मार्ग नव्हे. (त्याच कायद्यांत अशीहि सवलत आहे कीं, रूढीनें पतीचें नांव घेतां येत नसेल तर स्त्रीवर तें सांगण्याची सक्ती नाहीं!)

मग तोतया ओळखावा कसा? खरा प्रगणक काय विचारतो हें ठाऊक असलें कीं अर्धें काम झालें. घरयादीचे प्रश्न तेहतीस. भिंत मातीची कीं विटांची, छप्पर कशाचें, खोल्या किती, पाणी कोठून येतें, संडास, चूल कीं गॅस, दुचाकी आहे काय, इतकेंच नव्हे तर घरांत मुख्य धान्य कोणतें खातात, हेंहि. (ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या आम्हांस हा प्रश्न आवडला.) शेवटीं मोबाईल क्रमांक मागतात, तो द्यावा. परंतु बँकेचें खातें, एटीएमचा पिन, आधारचा किंवा पॅनचा क्रमांक, सातबारा, पीककर्ज यांपैकीं कशाचाहि त्यांत प्रश्न नाहीं. शुल्क एक पैसाहि नाहीं. अंगठा उमटवावयाचा नाहीं. प्रगणक या खेपेस उत्तरें स्वतःच्या मोबाईलमध्यें भरतो. तुमच्या मोबाईलला त्यानें हात लावण्याचें कारण नाहीं. त्याजवळ ओळखपत्र व नेमणुकीचा आदेश असतो. तो पाहण्यास मागितल्यानें अपमान होत नाहीं. बहुधा तो ओळखीचा शाळामास्तरच निघेल. शंका आल्यास पोलीस पाटलांस बोलवावें.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्यावी. संकेतस्थळावर आपली माहिती आपणच भरण्याची सोय या खेपेस आहे, आणि तेथें ओटीपी लागतो. पण तो आपल्या हातानें, आपण स्वतः उघडलेल्या सरकारी स्थळावरच घालावयाचा. अशा स्थळाच्या पत्त्याचा शेवट ‘गव्ह डॉट इन’ असा असतो. माहिती भरून झाल्यावर मिळणारा क्रमांक दारीं आलेल्या प्रगणकास दाखवावा. फोनवरील माणसास ओटीपी कधींहि सांगूं नये, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली फाईल उघडूं नये. ‘पीएम किसान’च्या नांवानें आलेली अशीच फाईल उघडून खातीं रिकामीं झालेलीं आपल्या राज्यांत आहेत. पैसे गेलेच तर लाजेनें गप्प न बसतां १९३० या क्रमांकावर तात्काळ तक्रार करावी व बँकेस कळवावें. वेळ गेला कीं रक्कम दुसऱ्या खात्यांत जाऊन सांपडेनाशी होते.

येथें सारा दोष शेतकऱ्याच्या भोळेपणाला देणें आम्हांस मान्य नाहीं. शेतकरी ओळख क्रमांक काढतांना त्याच शेतकऱ्याकडून केंद्रावर आधारचा ओटीपी मागून घेतला. बँकेच्या कामीं ओटीपी, विम्याच्या कामीं ओटीपी. सरकारी काम म्हणजे आंकडा सांगणें, ही संवय लावली कोणी? आणि मग “कोणास सांगूं नका” अशी जाहिरात! प्रत्येक ग्रामपंचायतीनें आपल्या प्रगणकाचें नांव व छायाचित्र फळ्यावर लावावें आणि कोतवालाकडून दवंडी द्यावी. खर्च कांहींच नाहीं, आणि टीव्हीवरच्या जाहिरातीहून दवंडीवर आमच्या लोकांचा विश्वास अधिक आहे.

शिरगणतीच्या वेळीं प्रत्येकाचें काम विचारतात. तेथें पुरुषानें पुढें होऊन “बाया घरींच असतात” असें सांगूं नये. निंदण, वेचणी, सोंगणी करणाऱ्या घरच्या स्त्रीचें काम शेतीचेंच लिहवावें व तिचें उत्तर तिलाच देऊं द्यावें. ज्या सूनबाईनें त्या घरचे पैसे वांचविले, ती बारा महिने शेतांत राबते. मागच्या खेपेस तिच्या सासूच्या नांवापुढें तिच्या धन्यानें “घरकाम” एवढेंच सांगितलें होतें.