व्हेर्दीच्या चालींवरचा भार

जुझेप्पे व्हेर्दीला जाऊन सव्वाशे वर्षं झाली, तरी जगभरच्या ऑपेरागृहांचं त्याच्यावाचून पान हलत नाही. गोड चालींमुळे तो टिकला, असं सर्रास म्हटलं जातं. पण गोड चाली त्या काळच्या इटलीत पुष्कळांना सुचत होत्या. व्हेर्दीने नाटकाचा सगळा भार चालीवर टाकला, आणि माझ्या मते त्याची थोरवी त्यातच आहे.

१८५१ साली व्हेनिसमध्ये आलेला ‘रिगोलेत्तो’ घ्या. मुलीची अब्रू लुटणाऱ्या ड्यूकला मारण्याची सुपारी कुबडा विदूषक रिगोलेत्तो देतो. शेवटच्या अंकात हा ड्यूक खानावळीत बसून बायकांच्या चंचलपणावर एक उडतं गाणं म्हणतो. मग वादळ होतं, खून होतो आणि रिगोलेत्तोच्या हाती प्रेताचं पोतं येतं. ते नदीत ढकलणार, तोच दुरून ड्यूकच्या आवाजात तीच बेफिकीर चाल ऐकू येते. पोत्यात कोण आहे हे प्रेक्षकाला आधीपासून ठाऊक असतं. बापाला ते आता कळू लागतं. व्हेर्दीचा वाद्यवृंद नुसता ठेका धरतो, चाली फार सोप्या, हा आक्षेप जुना आहे आणि सुरुवातीच्या काही कृतींबाबत तो खराही आहे. पण इथे चाल अवघड असती, तर अंधारातून दोन ओळी येताच ती ओळखू आली नसती, आणि प्रसंगच कोसळला असता.

दुसरा आक्षेप असा, की इटलीच्या स्वातंत्र्यलढ्याने त्याला मोठं केलं. ‘नाबुक्को’तलं (१८४२) गुलामांचं समूहगीत मिलानच्या श्रोत्यांनी पहिल्याच रात्री हट्टाने पुन्हा गाऊन घेतलं, अशी आख्यायिका आहे. संशोधकांनी जुनी वृत्तं तपासली, तेव्हा पुन्हा गायलेलं गाणं दुसरंच निघालं. शिवाय ‘ला त्राव्हियाता’त (१८५३) राष्ट्र कुठे आहे? पहिल्या प्रयोगाला पडलेला हा ऑपेरा दुसऱ्याच वर्षी त्याच व्हेनिसने डोक्यावर घेतला. क्षयाने खंगलेली व्हियोलेत्ता शेवटच्या अंकात एक पत्र वाचते. गात नाही, साध्या बोलण्याच्या आवाजात वाचते. गाण्याचं काम तेवढा वेळ व्हायोलिन करतं. ते वाजवतं ती चाल पहिल्या अंकात आल्फ्रेदोने प्रेमाची कबुली देताना गायलेली. श्रोत्याच्या कानात ती तोवर मुरली नसेल, तर त्या पत्रातून त्याला नुसती बातमी कळेल.