काटा चुकला म्हणून मीटर फेकायचं?

जुन्या स्पोर्ट्स कार हौसेने दुरुस्त करणाऱ्यांत एक टूम आहे. डॅशबोर्डवरची मूळ मीटरं काढायची, आतला मालमसाला फेकायचा आणि त्याच डब्यात इलेक्ट्रॉनिक सर्किट बसवायचं. बाहेरून जुनं, आतून नवं! माझा याला सरळ विरोध आहे, आणि तो नुसत्या जुन्याच्या प्रेमापोटी नाही.

इंग्लंडात ॲबिंग्डनला १९६२ ते १९८० या काळात बनलेली एमजीबी घ्या, त्यातही १९६५ च्या सुमाराची. मीटरं स्मिथ्स कंपनीची. स्पीडोमीटरमध्ये केबलने फिरणारं चुंबक ॲल्युमिनियमच्या कपाला एडी करंटने ओढतं. तेलाच्या दाबाला बूर्दाँ नळी. पाण्याच्या तापमानाला बारीक नळीत भरलेला ईथर. पेट्रोलला तापून वाकणारी बायमेटल पट्टी. आणि आरपीएमच्या मीटरमागे इग्निशनच्या वायरचा वेढा. एका पत्र्यावर पाच तत्त्वं. आपलं मेजरमेंटचं अख्खं जर्नलच की (आणि कोणाचं न छापता)!

आता गंमत बघा. टाकी अर्धी असताना पेट्रोलचा काटा 'फुल'च्या पुढे जातो. लगेच मीटर बाद? अहो, डॅशबोर्डमागे स्टॅबिलायझरची छोटी डबी असते. ती करंट चालू-बंद करत सरासरी १० व्होल्ट देते. तिचं अर्थिंग सुटलं की बॅटरीचा पूर्ण व्होल्टेज मीटरला जातो. दोष एका गंजलेल्या स्क्रूचा आणि फाशी मीटरला!

म्हणून मीटर काढायचंच तर निदान झाल्यावर, आणि सावकाश. आधी सीटमागच्या दोन ६ व्होल्टच्या बॅटऱ्यांचं कनेक्शन सोडायचं. प्रत्येक वायरला चिठ्ठी. तेलाची नळी सोडताना खाली फडकं धरायचं, नाहीतर पँटचं काही खरं नाही. त्या जोडातला चामड्याचा वॉशर जपून ठेवायचा. सगळ्यात नाजूक ती ईथरची नळी. तिचं टोक इंजिनच्या हेडमध्ये असतं. रेडिएटरचं पाणी कमी करून आधी ते टोक सोडवायचं आणि मगच मीटर बाहेर घ्यायचं. कंटाळा करून नळी कापली की ईथर उडालं, मीटर मेलं. असं मेलेलं मीटर पाहिलं की मला खरंच वाईट वाटतं, कारण ते बिघडलेलं नसतं, मारलेलं असतं.

आरपीएमच्या मीटरचं मात्र मी मान्य करतो. ते इग्निशनच्या करंटवर चालतं, त्यामुळे इग्निशन इलेक्ट्रॉनिक केलं तर ते अडू शकतं. शिवाय एमजीबीत १९६७ पर्यंत पॉझिटिव्ह अर्थ होता. कोणी तो उलटा केला असेल तर या मीटरच्या आतही बदल करावाच लागतो. तिथे नवं सर्किट घाला, माझी हरकत नाही. पण त्याच झटक्यात शेजारची धडधाकट मीटरं का पोखरायची?

परत बसवताना वायरचा वेढा होता त्याच दिशेने घालायचा, उलटा झाला तर काटा हलणार नाही. केबलला तीव्र वळण द्यायचं नाही. मग इंजिन चालू करून पहिली नजर तेलाच्या काट्यावर, आणि दुसऱ्या हाताने मागच्या जोडावर बोट फिरवून ते कोरडं निघतंय का पाहायचं.